क्रॉफर्डसाहेबांना विचारलेला हिशेब

भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक कोण? लॉर्ड रिपन. त्यांचा ठराव कोणत्या साली झाला? १८८२. नागरिकशास्त्राच्या तासाला ही प्रश्नोत्तरे इतक्या वेळा झाली आहेत की माझे जुने विद्यार्थी झोपेतून उठवले तरी उत्तर देतील. उत्तर बरोबरच आहे. पण रिपनसाहेबांच्या आधी दहा वर्षे मुंबईच्या करदात्यांनी निवडणुकीचा हक्क पदरात पाडून घेतला होता. तो भांडून घेतला होता, आणि भांडण होते एका अतिशय कर्तबगार अधिकाऱ्याशी. ही गोष्ट दोन ओळींत संपते म्हणून मुलांच्या लक्षात राहत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' या मंडळींच्या हाती आला. हे लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारने नेमलेले शेठ, व्यापारी, वकील आणि साहेब लोक. प्रत्यक्ष काम करण्याचे सर्व अधिकार मात्र एकाच माणसाकडे, म्हणजे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे. जस्टिसांनी पैसे मंजूर करायचे, साहेबांनी ते खर्च करायचे.

आणि साहेबांनी काम केले, हे आधी कबूल केले पाहिजे. त्या वेळची मुंबई म्हणजे उघडी गटारे, उकिरडे आणि पटकीची साथ. क्रॉफर्डने रस्ते रुंद केले, मैला हलवण्याची व्यवस्था लावली, शहर झाडून काढले. १८६९ मध्ये त्याच्या नावाची मंडई उभी राहिली. तिच्यावरची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंगची, म्हणजे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. (या मंडईला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याच्या मंडईलाही त्यांचेच. आणि गंमत अशी की पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी मंडईच्या इमारतीवर खर्च करण्याऐवजी तो पैसा शिक्षणावर खर्चा, असे म्हणून विरोध केला होता. नावे देणाऱ्यांना एवढे वाचायला कुठला वेळ!)

पण मुहूर्त वाईट होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजाराच्या वेडात गुंतलेले मुंबईचे शेठ रस्त्यावर आले. घरांची भाडी उतरली, पण घरपट्टी काही उतरेना. इकडे साहेबांचा हात सैल. मंजुरीच्या बाहेर खर्च, वर कर्ज. कामे दिसत होती, हिशेब दिसत नव्हता.

१८७१ मध्ये हे सारे उफाळून आले. जस्टिसांच्या सभेत फोर्ब्ज नावाच्या सभासदाने ठराव आणला की कारभार कमिशनरच्या एकट्याच्या हाती नको, आमच्यातल्याच एका समितीकडे द्या. करदात्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत नौरोजी फर्दुनजी अग्रभागी. लोकांनी त्यांना आपला कैवारी मानले होते.

याच वादात एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला, फिरोजशहा मेहता. त्याची भूमिका दोन्ही बाजूंना न रुचणारी. तो म्हणाला, क्रॉफर्डची कामे चांगली आहेत. दोष आहे तो लक्ष न ठेवणाऱ्या जस्टिसांचा. ते स्वतःच कोणाला जबाबदार नाहीत, तर दुसऱ्याला जाब काय विचारणार? कारभार समितीकडे दिला तर कोणाचाच कान धरता येणार नाही. आपल्याकडे ज्याला बारभाईचा कारभार म्हणतात तोच प्रकार! म्हणून काम करणारा एकच असावा, पण त्याला विचारणारे लोकांनी निवडलेले असावेत. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने हा विचार निबंधरूपाने वाचला, तेव्हा करांनी पोळलेले श्रोते इतके संतापले की सभा गोंधळात संपली. आज त्याच मेहतांचा पुतळा महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे.

क्रॉफर्ड गेले. १८७२ चा कायदा झाला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने नेमायचे. मत देण्याचा हक्क मात्र वर्षाला निदान ५० रुपये पट्टी भरणाऱ्यालाच. म्हणजे चाळीत राहणारा गिरणीकामगार, ज्याच्या नळाला पाणी नाही, तो बाहेरच. या अर्ध्यामुर्ध्या लोकशाहीचे मला फार कौतुक नाही. पण दार किलकिले झाले, हे खरे.

क्रॉफर्डच्या कथेला पुढे एक शेपूट आहे. १८८८ मध्ये पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली. लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही, पण हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल नोकरी गेली. त्यावरून त्यांची मुंबईतली कामे खोटी ठरवण्याचे कारण नाही. मंडई आजही गजबजलेली आहे.

त्याच १८८८ साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला आणि अनेक दुरुस्त्यांसह तोच आजवर चालू आहे. त्याचे ६६ वे कलम मला फार आवडते. कामात हयगय होत असेल, पालिकेच्या मालमत्तेची नासाडी होत असेल, एखाद्या वस्तीला काही हवे असेल, तर कोणाही नगरसेवकाने ते आयुक्तांच्या नजरेस आणावे, सुधारणा सुचवाव्यात, असा त्याचा आशय. पुढे त्याला जोडलेल्या कलमाने आयुक्तांना रीतसर प्रश्न विचारण्याचा हक्कही दिला. भाषा कोरडी, पण १८७१ चे सगळे भांडण त्या चार ओळींत मुरलेले आहे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. वॉर्ड होते २२७, नगरसेवक एकही नाही. आयुक्तच प्रशासक झाले. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. वर्षामागून वर्षे अंदाजपत्रके आयुक्तांनी मांडली आणि प्रशासकांनी मंजूर केली.