रोजची पोळी, रविवारची भाकरी: चौसाळ्याचे उन्हाळी जेवण

चौसाळा परिसरात उन्हाळ्यातल्या रविवारी साधारणपणे दोन तऱ्हांची जेवणे होतात. दुपारी आमरस, पोळी, तळलेली कुरडई, पापड आणि कैरीचे ताजे लोणचे. रात्री अंगणात किंवा गच्चीवर मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा. मटण न खाणाऱ्या घरी रश्शाऐवजी येसराची आमटी किंवा पिठले असते. ही जेवणे पूर्वापार चालत आलेली आहेत, असे कोणीही सांगेल. त्यातले पदार्थ जुनेच आहेत. रविवार मात्र जुना नाही, आणि या पदार्थांना ताटात आज जो मान आहे तोही जुना नाही.

चौसाळा हे बीड तालुक्यातले बालाघाटाच्या पठारावरचे गाव. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून धाराशिवकडे निघाले की धुळे–सोलापूर महामार्गावर ते लागते. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. बीड जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असली, तरी सरासरी गाठणारी वर्षे ओळीने येत नाहीत. म्हणून इथली शेती आणि स्वयंपाक दोन्ही कमी पाण्याच्या पिकांवर उभे राहिले: रब्बीची शाळू ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, हुलगा आणि ज्वारीच्या पाट्यांत पेरलेली करडई. तेल करडईचे, तेही गावच्या घाण्यावरचे. भात आजाऱ्याला किंवा पंगतीला. गहू सणाला.

सुटीचा वार हा सरकारी कारभारातून आलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली. लोखंडे यांनी रविवार मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे कारणही पुढे केले होते. पण बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथे कचेऱ्यांची सुटी शुक्रवारी असे. शेतकऱ्याला दोन्ही वारांशी कर्तव्य नव्हते. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत सोमवारी बैल जुंपत नसत. नंदीचा वार म्हणून बैलाला विसावा, त्यामुळे माणसालाही थोडा. चमचमीत खाण्याचा वार म्हणजे आठवडी बाजाराचा. त्या संध्याकाळी पिशवीतून भजी, शेवचिवडा, सुके बोंबील किंवा मटणाचा वाटा घरी येई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शुक्रवार गेला, रविवार आला. पण तो आधी फक्त कागदावर. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, शाळा वाढल्या, मग शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी यांची बिऱ्हाडे मोठ्या गावांत राहू लागली. ज्यांच्या घरी खरोखर सुटी असे अशी ही पहिली घरे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झाले आणि जिथे टीव्ही होता तिथे रविवारची सकाळ गावाची झाली. स्वयंपाक त्या तासाभराच्या आधी उरकायचा किंवा नंतर सावकाश करायचा, अशी नवी वेळ त्यातून बसली.

रविवार रुळण्याआधीचा उन्हाळी आहार अगदी साधा होता. ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या आणि ताक, ज्वारीच्या पिठाची आंबील, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे, शिळी भाकरी आणि ठेचा. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला गेल्या की हिरवी भाजी मिळत नसे. म्हणून हरभऱ्याचा कोवळा पाला आणि मेथी हिवाळ्यातच सावलीत वाळवून ठेवत. तो पाला मे महिन्यात भिजवून, तुरीची डाळ किंवा दाण्याचा कूट लावून पातळ भाजी होई. मुगाचे सांडगेही याच कामाचे. आज हे पदार्थ ‘गावरान’ म्हणून कौतुकाने वाढले जातात. तेव्हा ते करण्यामागे कौतुक नव्हते, दुसरे काही नसणे होते.

उन्हाळ्याला चव आणली ती वाळवणाने, आणि वाळवण हा बायकांनी चालवलेला एक पूर्ण उद्योगच होता. होळी झाली की त्याची सुरुवात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून फडक्यातून पिळून घेतले की खाली पांढरा चीक बसतो. रात्रभरात वर आलेले पाणी ओतून टाकायचे आणि पहाटे उकळत्या पाण्यात मीठ घालून तो चीक लाकडी दांड्याने घोटायचा. हात थांबला की गुठळी होते, जाळ वाढला की बुडाला लागतो. चीक गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवरच्या धोतरावर कुरडया घालायच्या, कारण गार झाला की सोऱ्या फिरत नाही. राहिलेला चीक तेल किंवा दूध-साखर घालून मुले तिथेच खातात. गव्हाचा चोथाही टाकायचा नाही, त्याच्या भुसवड्या होतात. शेवयांचे कामही असेच. आधी पाटावर हाताने वळलेल्या, मग बाजेला आवळलेल्या हातयंत्रातून काढलेल्या, आता गिरणीतून करून आणलेल्या. लग्नघरी यांच्या जोडीला गव्हले, नखोले, मालत्या अशी बोटांवरची कामे असत आणि ती रुखवतात मांडली जात. एकीच्या अंगणात चार घरच्या बायका जमत, दुसऱ्या दिवशी चौघी दुसरीकडे. मे महिन्यातल्या रविवारी कुरडई दोन मिनिटांत तळून होते. तिच्यामागचे पाच दिवस मार्चमध्येच खर्ची पडलेले असतात. निवांत जेवणाचा निवांतपणा कोणाच्या वाट्याला आला, हे पाहताना तेवढे धरावे लागते.

आंब्याचा क्रम अक्षय तृतीयेपासून लागे. त्या दिवशी पितरांना रसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात आंबा न खाण्याची रीत अनेक घरांनी पाळली. आंबा म्हणजे बांधावरचा रायवळ. प्रत्येक झाडाचे फळ वेगळे, म्हणून प्रत्येकाला नाव: शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या, गोटी. उतरवलेला आंबा अंधाऱ्या खोलीत गवताच्या थरांत अढी घालून पिकवत. आठ-दहा दिवसांनी वासावरून अढी उघडायची वेळ कळे. रस हातानेच पिळायचा. तो पातळ आणि धागेदार असे, म्हणून तो पोळीशी जसा खात तसा शेवयांवर ओतूनही. अधिक महिना उन्हाळ्यात आला की जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, आणि २०१८ सारख्या ज्येष्ठ अधिकाच्या वर्षी पुरणाचे धोंडे आणि आमरस एकाच ताटात येतात. पुढे रायवळाची जागा केशरने घेतली. हा वाण जुनागढचा. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यात केशरच्या बागा वाढल्या, आणि २०१६ मध्ये ‘मराठवाडा केसर’ला भौगोलिक मानांकन मिळाले. केशरचा रस घट्ट, एकसारखा आणि मिक्सरला सोयीचा असतो. बांधावरची रायवळ झाडे मात्र सरपणात आणि रस्त्यांच्या रुंदीकरणात गेली, आणि त्यांच्याबरोबर चवींचा तो पसाराही.

ताटाची उलटापालट धान्याने केली. १९७२ च्या दुष्काळात बीडसह मराठवाड्याने अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो, रेशनवर घेऊन खाल्ली. तिची भाकरी थापताना तुटे, चव कोणाला रुचली नाही. दुष्काळी कामांवर सुकडी मिळे. त्याच्या आगेमागेच हायब्रीड ज्वारी आली. उतारा चांगला, पण भाकरी शाळूसारखी पांढरी आणि मऊ नाही. मग रेशनच्या दुकानात गहू नियमित येऊ लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो दोन रुपये किलो झाला आणि जानेवारी २०२३ पासून मोफत. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आले. सणासुदीची पोळी अशी रोजची झाली आणि रोजची भाकरी महाग पडू लागली. आज रविवारी ‘भाकरीच करा’ असा आग्रह होतो. आजीच्या पिढीला हे ऐकून हसू येईल, कारण तिच्या लहानपणी आग्रह पोळीचा होता.

मटणाबाबत इथे सोय घरचीच आहे. बीड, धाराशिव, लातूर या पट्ट्यात उस्मानाबादी शेळी ही मूळची जात. काळी, काटक, कमी चाऱ्यावर जगणारी आणि बहुधा जुळी देणारी. गरिबाच्या दारात दुधापेक्षा ती अडीअडचणीच्या पैशासाठी असे, म्हणून मटण जत्रेला, कंदुरीला किंवा पाहुणा आला तर. दर रविवारी मटण हा पगार आणि रोख मजुरी हातात येऊ लागल्यानंतरचा प्रघात. रस्सा दाट करायला लागते येसर, कुठे त्याला येसूर म्हणतात: गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून केलेले पीठ. चार वाट्यांच्या मटणात वीस माणसांचा रस्सा करण्याची युक्ती म्हणून त्याचे मोल मोठे होते. तेच पीठ शाकाहारी घरात लग्नाच्या आमटीला लागते. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे लिंगायत संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि परिसरात लिंगायत समाजाची घरे बरीच. त्यांचा रविवार येसर, पुरण आणि आमरसावर. खंडोबा कुळदैवत असलेल्या काही घरांतही रविवारी मटण शिजत नाही, तिथे बेत शनिवारवर किंवा बुधवारवर जातो. मुस्लिम घरांमध्ये हैदराबादी वळणाची खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा, किंवा दालचा हे सुटीचे जेवण. शुक्रवार तिथे अजूनही बेताचा वार आहे.

बीड जिल्ह्यात उन्हाळी रविवाराला आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले की परततात. सहा महिने कोपीत राहून, पहाटे भाकरी थापून फडात जाणाऱ्या या घरांसाठी एकत्र बसून सावकाश जेवण्याचे दिवस मुळात उन्हाळ्यातच येतात. गावातली लग्ने, चैत्री पौर्णिमेची येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, कंदुऱ्या हे सारे याच काळात बसवलेले असते. नोकरदाराचा रविवार आणि ऊसतोड मजुराचा उन्हाळा इथे एकाच ताटावर भेटले, म्हणून हा बेत गावभर पसरला. केवळ सुटीने तो पसरला नसता.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतले बदल मोठे असले तरी सांगायला थोडे आहेत. गॅस बहुतेक घरी पोचला, तरी भाकरीसाठी चूल राखून ठेवणारी घरे आहेत. करडईचे तेल गेले, सोयाबीनचे आले. वाळवण बचत गटांकडून विकत मिळते, आणि महामार्ग चौपदरी झाल्यापासून ढाब्यावरची शेवभाजी हा स्वयंपाकाला सुटी देणारा पर्याय झाला आहे. दुपारचा आमरस मात्र अजून घरचाच असतो. तो जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. मृगाचा पाऊस पडला की आंब्यात अळी होते म्हणून रस बंद होतो, पेरणीची घाई सुरू होते, आणि शेतकऱ्याच्या घरी रविवार पुन्हा इतर वारांसारखा होतो.