पाहुणा आणि मालक

झांबियातल्या चिन्यांबद्दल हल्ली बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक सगळं नव्या कर्जांबद्दल. मला मात्र ही गोष्ट एका जुन्या रेल्वेपासून सुरू करावीशी वाटते.

१९६५ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि वर्षभरापूर्वीच स्वतंत्र झालेल्या झांबियाची पंचाईत झाली. देशाला समुद्र नाही, पोट तांब्यावर, आणि तांबं बंदराला नेणारे रूळ जाणार ऱ्होडेशियातून! टांझानियातून नवा मार्ग काढायचं कौंडा आणि न्येरेरे यांनी ठरवलं. जागतिक बँक म्हणाली, परवडणार नाही. हो म्हणाला तो चीन, आणि तोही तेव्हा गरीबच. बिनव्याजी कर्ज दिलं, हजारो माणसं पाठवली. १९७० ते १९७५ या काळात सुमारे १,८६० किलोमीटरचे रूळ पडले. साठाहून अधिक चिनी तिथेच दगावले. बाकीचे काम संपवून घरी गेले.

१९९८ मध्ये चिनी पुन्हा आले ते मालक म्हणून. जागतिक बँकेच्या आग्रहाखातर झांबिया सरकारी खाणी विकत होता. चंबिशीची बंद पडलेली खाण एका चिनी सरकारी कंपनीने घेतली. २००५ मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात चाळीसहून अधिक झांबियन कामगार मेले. पाठोपाठ छोटे व्यापारीही आले आणि लुसाकाच्या बाजारात कोंबड्या विकू लागले. खाणीचा मालक परका असला तर एकवेळ चालतं, पण शेजारच्या गाळ्यावर बसून आपलं गिऱ्हाईक पळवणारा परका कुणाला सोसवेल?

२००६ च्या निवडणुकीत मायकेल साटा यांनी चिन्यांविरुद्ध रान उठवलं. ते हरले, पण लुसाका आणि तांब्याच्या पट्ट्याने त्यांनाच मतं दिली. २००७ मध्ये हू जिंताओ आले, तर निदर्शनांच्या भीतीने त्यांचा खाणभागातला कार्यक्रमच रद्द झाला. २०११ मध्ये साटा निवडून आले, आणि त्यांनी बीजिंगला दूत म्हणून कुणाला पाठवावं? म्हाताऱ्या कौंडांना!

याला कुणी कोलांटउडी म्हणेल. मला तसं वाटत नाही. रेल्वे झांबियाने स्वतःच्या गरजेपोटी मागून घेतली होती. खाण अडचणीत विकावी लागली. अडलेल्याने विकलेल्या मालाला अटी कोण घालणार? लोकांचा राग चिन्यांवर निघाला, पण दुखणं त्या विक्रीत होतं.