खनिज तेल पूर्वेक्षण : भूवैज्ञानिक व भूभौतिकीय माहितीचा इतिहास

भूपृष्ठाखालील खडकांत साठलेले खनिज तेल व नैसर्गिक वायू शोधण्यासाठी जी माहिती गोळा करतात तिचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : (१) खडकांच्या प्रत्यक्ष पाहणीतून मिळणारी भूवैज्ञानिक माहिती, (२) खडकांचे भौतिक गुणधर्म जमिनीवरून, हवेतून वा समुद्रातून मोजून मिळणारी भूभौतिकीय माहिती आणि (३) विहीर खणताना व खणल्यावर मिळणारी माहिती. पहिल्या दोन प्रकारांनी सामान्यतः तेलाचे अस्तित्व सिद्ध होत नाही. तेल साठण्यास अनुकूल अशी रचना तेवढी कळते. त्या रचनेत तेल आहे की पाणी, हे विहीरच ठरविते. विहीर अतिशय खर्चाची असल्याने ती खणण्यापूर्वीची अनिश्चितता शक्य तितकी कमी करणे हाच पूर्वेक्षणाचा हेतू असतो आणि त्याचा इतिहास म्हणजे ही अनिश्चितता टप्प्याटप्प्याने कमी होत गेल्याचा इतिहास होय.

तेलाचा साठा होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : जैव पदार्थांपासून तेल निर्माण करणारा जनक खडक, ते साठविणारा सच्छिद्र खडक, त्यावर झाकणासारखा असणारा अपार्य खडक आणि तेल अडकून राहील असा सापळा. यांपैकी एक जरी नसली, तरी विहीर कोरडी जाते.

भूवैज्ञानिक माहिती : प्रारंभी तेलाचा माग जमिनीवर पाझरणाऱ्या तेलावरूनच काढीत. एडविन ड्रेक यांनी १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिलजवळ खणलेली सु. २१ मी. खोलीची विहीर अशाच पाझराच्या परिसरात होती. आसामातील दिग्बोई येथे १८८९ साली तेलविहीर खणण्यास सुरुवात झाली, तीही पाझरांच्या आधारे. जंगलातून परतलेल्या हत्तीच्या पायांना तेल लागलेले दिसले व त्यावरून दिग्बोईचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे.

खडकांच्या कमानीसारख्या घडीत (विमुखनतीत) पाण्याहून हलके तेल माथ्याशी जमते, ही कल्पना टी. स्टेरी हंट यांनी १८६१ साली मांडली. पुढे आय. सी. व्हाइट यांनी १८८५ च्या सुमारास ती वायूच्या शोधासाठी व्यवहारात आणली. त्यामुळे स्तरांचा उतार व त्याची दिशा दाखविणाऱ्या भूवैज्ञानिक नकाशाला मोल आले. १९२० नंतर विहिरीतून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यातील फोरॅमिनीफेरांसारखे सूक्ष्मजीवाश्म तपासून दूरदूरच्या विहिरींतील एकाच वयाचे स्तर जुळविता येऊ लागले. मात्र जेथे खडक गाळाने, लाव्ह्याने वा समुद्राने झाकलेले असतात, तेथे भूपृष्ठावरील पाहणी अपुरी पडते.

गुरुत्वीय व चुंबकीय माहिती : खडकांच्या घनतेतील फरकांमुळे गुरुत्वाकर्षणात अत्यल्प फरक पडतात. ते मोजण्यासाठी हंगेरियन भौतिकीविज्ञ लोरांड एटव्हश यांची पीळ-तुला उपयोगी पडली. तिच्या साहाय्याने १९२४ साली टेक्सस राज्यातील नॅश येथील मिठाचा घुमट सापडला. मीठ सामान्यतः भोवतीच्या खडकांहून हलके असल्याने मिठाच्या घुमटांवर बहुधा गुरुत्वाकर्षण कमी भरते. चुंबकीय मापनांवरून तळाचे स्फटिकी वा ज्वालामुखी खडक किती खोल आहेत व त्यांवर गाळाचे खडक किती जाडीचे असावेत, याचा अंदाज येतो. गुजरातेतील खंबायत द्रोणी जाड गाळाखाली झाकलेली असून तिचा तळ दक्षिण ट्रॅपचा आहे. तेथे अशा सर्वेक्षणांना भूकंपीय सर्वेक्षणाची जोड देण्यात आली आणि १९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाला १९५८ साली लुणेज येथे, तर १९६० साली अंकलेश्वर येथे तेल मिळाले. मात्र एकच गुरुत्वीय मापन निरनिराळ्या रचनांनी स्पष्ट करता येते. म्हणून ही माहिती कोठे शोधावे हे सांगते, कोठे खणावे हे क्वचितच सांगते.

भूकंपीय माहिती : ही उणीव भूकंपीय पद्धतीने बरीच भरून काढली. लूटगर मिंट्रोप यांनी जर्मनीत प्रणमन पद्धती विकसित केली, तर १९२१ साली जे. सी. कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमात परावर्तन पद्धतीचे प्रयोग केले. परावर्तन पद्धतीत स्फोटाने वा अन्य साधनाने निर्माण केलेल्या लहरी स्तरांच्या सीमांवरून परत येतात व त्यांस लागलेला वेळ नोंदला जातो. लहरीस जाऊन-येऊन २ सेकंद लागले आणि तिचा सरासरी वेग सेकंदास ३,००० मी. असला, तर स्तराची खोली ३,००० मी. ठरते. वेगाचा अंदाज चुकल्यास खोलीही चुकते, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. आसामातील गाळाच्या मैदानाखालील नहारकटिया क्षेत्र (१९५३) या पद्धतीच्या साहाय्याने सापडले. १९६० नंतर अंकीय नोंदणी व संगणक आणि १९७० नंतर त्रिमितीय सर्वेक्षण आल्याने रचनांचे चित्र अधिक स्पष्ट झाले.

विहिरीतील माहिती : विहिरीत उपकरण सोडून खडकांचा विद्युत् रोध मोजण्याचा पहिला प्रयोग श्लुंबर्गर बंधूंच्या पद्धतीने १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे झाला. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, तेल नेत नाही. त्यामुळे सच्छिद्र खडकातील उच्च रोध हा तेलाचा सूचक ठरू शकतो. पुढे किरणोत्सर्ग, घनता व ध्वनिवेग यांचे आलेखही घेतले जाऊ लागले. शेल कोठे व सच्छिद्र खडक कोठे, हे त्यांवरून कळते. खडकाचे गाभे (अखंड नमुने) व प्रत्यक्ष उत्पादन चाचणी यांनी अखेरचा निर्णय होतो.

मुंबई हाय : या सर्व प्रकारांचा मेळ मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी.वरील समुद्रात दिसतो. तेथे पाण्याची खोली सु. ७५ मी. असून पाहण्यास एकही खडक उघडा नाही. १९६४ पासून 'अकॅडेमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएट जहाजावरून केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. १९७२ च्या सुमारास त्याचे तपशीलवार सर्वेक्षण झाले. तरीही ती केवळ रचना होती. १९७३ च्या अखेरीस जगात तेलाचे भाव भडकले आणि आयातीवर अवलंबून असलेल्या भारतासमोर पेच उभा राहिला. अशा वेळी 'सागर सम्राट' या वेधन यानाने ३१ जानेवारी १९७४ रोजी पहिल्या विहिरीस प्रारंभ केला व फेब्रुवारीत तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले.

येथील मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात, सु. १,३०० मी. व त्याहून अधिक खोलीवर आहे. या खडकाची सच्छिद्रता जागोजागी बदलते व त्यात शेलचे पातळ थर आहेत. क्षेत्राचे उत्तर व दक्षिण असे भाग पाडणारा शेलयुक्त पट्टाही आढळतो. असा तपशील पहिल्या भूकंपीय नकाशातून कळण्यासारखा नव्हता. त्यासाठी अनेक विहिरींची माहिती व पुढील काळातील त्रिमितीय सर्वेक्षण यांची गरज भासली.

मर्यादा : महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा दक्षिण ट्रॅप या बाबतीत विशेष अडचणीचा आहे. बेसाल्टाच्या थरांत भूकंपीय लहरी विखुरतात व खालचे चित्र अस्पष्ट होते; म्हणून गुरुत्वीय व भूचुंबकीय-विद्युत् पद्धतींची जोड द्यावी लागते. भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्रांपैकी किल्लारी येथे सु. ३३८ मी. बेसाल्टाखाली गाळाच्या खडकांचा जेमतेम ८ मी. थर लागला, तर कोयना परिसरातील एका छिद्रात सु. ९३० मी. बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. कच्छमध्ये मात्र ट्रॅपपूर्व काळातील गाळाचे जाड खडक उघडे दिसतात. यावरून ट्रॅपखाली सर्वत्र सारखी स्थिती नाही, हे स्पष्ट होते. एका ठिकाणचे अनुमान दुसऱ्या ठिकाणी लागू न करता प्रत्येक ठिकाणी सर्व प्रकारची माहिती परस्परांशी ताडून पाहणे, हाच तेलाच्या शोधातील विश्वसनीय मार्ग ठरला आहे.