चांदण्यांतील दरबार

जालना म्हटलें कीं मराठवाड्यांतल्या माणसाला आधीं पेठ आठवते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तिथल्या व्यापारानेंच रूढ केली. त्या पेठेचा आणि पॅरिसमध्यें रचलेल्या एका पियानो-कृतीचा संबंध जोडूं पाहणें प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. प्रत्यक्ष संबंध नाहींच. जालन्याचें नांव त्या कृतींत येत नाहीं आणि तिचा कर्ता हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. तथापि तिच्या नांवांत जी वस्तु आहे ती जालना जिल्ह्यांतल्या जुन्या गांवांना जितकी परिचयाची, तितकी ती खुद्द कर्त्यालाहि नव्हती. आणि ही कृति वाजवावी कशी, या प्रश्नाचा धागा त्या वस्तूशींच गुंतलेला आहे.

क्लोद देबुसी (१८६२-१९१८) यानें पियानोसाठीं ‘प्रेल्यूड’ या नांवाच्या चोवीस लहान रचना केल्या. पहिल्या बारांचा संग्रह १९१० सालीं निघाला, दुसऱ्या बारांचा १९१३ सालीं. दुसऱ्या संग्रहांतील सातवी रचना ‘ला तेरास देझोदिआंस द्यु क्लेर द ल्यून’, म्हणजे चांदण्यांत दरबार भरविण्याची गच्ची. चित्रकलेंत १८७४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर मोने आणि त्याचे सोबती यांना टीकाकारांनीं कुचेष्टेनें जें नांव दिलें, तेंच पुढें देबुसीच्या संगीतालाहि चिकटलें. मराठींत त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. देबुसीला हें लेबल मुळींच मानवलें नाहीं. पण नांवें ठेवणारे आणि नांवें देणारे हे बहुधा एकच असतात, आणि त्यांच्यापुढें कलावंताचें चालत नाहीं.

हें लांबलचक नांव त्याला सांपडलें तें वर्तमानपत्रांत. ‘ल तां’ या पॅरिसच्या दैनिकांत १९१२ च्या डिसेंबरमध्यें रने प्युओ या वार्ताहराचें हिंदुस्थानांतून धाडलेलें पत्र छापून आलें. त्यांत पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणसोहळ्याच्या वर्णनाच्या ओघांत महालांची आणि बागांची नांवें येतात. त्यांतच ही गच्ची होती. तो दरबार १२ डिसेंबर १९११ रोजीं दिल्लींत भरला होता. आजच्या जालना जिल्ह्याचे तालुके तेव्हां निजामाच्या मुलखांत होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. म्हणजे त्या मंडपांत संस्थानिकांपैकीं पहिल्यानें मुजऱ्यास गेलेले मीर उस्मान अली खान हे जालन्याच्या रयतेचेच धनी. ते त्याच वर्षीं गादीवर आले होते. आणि त्याच मंडपांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड थोडें लवून, बादशहाकडे पाठ करून परत फिरले, त्यावरून इंग्रजी पत्रांनीं केवढें काहूर माजविलें हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं.

देबुसीनें या सगळ्यांतून काय उचललें? मंडप नाहीं, तोफा नाहींत, मुजरे नाहींत. उचलली ती एक रिकामी गच्ची आणि तिच्यावरचें चांदणें.

कांहीं अभ्यासक या नांवाचा माग पिएर लोती या फ्रेंच लेखकाच्या १९०३ सालच्या प्रवासवर्णनापर्यंतहि नेतात. लोती १८९९-१९०० च्या दुष्काळांत हिंदुस्थानांत हिंडला; हैदराबाद, गोवळकोंडा, दौलताबाद आणि वेरूळ हीं त्याच्या वाटेवरचीं ठिकाणें. दौलताबाद जालन्याहून पन्नास मैलांच्या आंत आहे. यांतला खरा उगम कोणता यावर वाद घालण्यांत फारसा अर्थ नाहीं. दोन्ही वाटांनीं फ्रेंच कल्पनेला एकच वस्तु अद्‌भुत वाटली, ती म्हणजे रात्रीं घराच्या माथ्यावर बसणारीं माणसें.

जालना, अंबड, भोकरदन या भागांत यांत कसलें अद्‌भुत! इथलें जुनें घर माळवदाचें. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर चढवून केलेलें सपाट छप्पर; दिवसां त्यावर मिरच्या आणि वाळवण, उन्हाळ्यांत रात्रीं अंथरुणें. जेवणें उरकलीं कीं माणसें वर येतात. चांदणें असलें म्हणजे कंदील लागत नाहीं आणि आवाजहि चढवावा लागत नाहीं. शेजारच्या माळवदावरचें बोलणें ऐकूं येतें पण शब्द कळत नाहींत. दूर कोठें बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा नाद जवळ येतो, तसाच विरून जातो. गांवचे तंटे, सोयरिकी, पिकाचे अंदाज हे इथेंच निघतात. चांदण्यांतला दरबार तो हाच.

आतां कृति पाहूं जातां ती सुमारें चार मिनिटांची आहे. लय विलंबित, आवाज बहुतेक दबका. आरंभीं फ्रान्समधील मुलांच्या तोंडीं असलेल्या एका जुन्या चंद्रगीताची पुसट छाया आहे असें जाणकार म्हणतात. त्यावरून अर्ध्या अर्ध्या स्वरांनीं एक रेघ खालीं उतरते. ज्या स्वरसंघाच्या श्रवणानें युरोपीय कान ‘आतां सम आली’ अशी अपेक्षा धरतो, तेच स्वरसंघ येथें येतात आणि समेवर न येतां हवेंत तसेच लोंबकळत राहतात. मध्यें कांहीं काळ हालचाल वाढते, आवाज चढतो. पण दरबार भरतो न भरतो तोंच ओसरतो. रचना ठिकठिकाणीं तीन ओळींत लिहिलेली आहे. वाजविणाऱ्याला हात मात्र दोनच.

येथें वादकाची परीक्षा आहे. मराठी घरांना पट्ट्यांचें वाद्य ठाऊक आहे तें पेटी. पेटीहि मूळची पॅरिसचीच. देबें या कारागिरानें १८४२ सालीं तिचें पेटंट घेतलें. संगीत नाटकांनीं आणि गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं तिला इकडे असें घर करून दिलें कीं ती परकी राहिली नाहीं. १९४० सालीं नभोवाणीनेंच तिला बंदी घालून अनेक वर्षें दाराबाहेर उभें केलें, हा भाग वेगळा. पेटीचा स्वर भाता चालेल तोंवर टिकतो. पियानोचें उलट आहे: हातोडी तारेवर पडली कीं त्याच क्षणापासून स्वर मरूं लागतो. देबुसीचें सारें लेखन या मरणाऱ्या स्वराचें आहे. पायाखालची कळ दाबली कीं तारा मोकळ्या राहतात आणि एक स्वर दुसऱ्यांत मिसळतो. फार दाबली तर गढूळ होतो, लवकर सोडली तर कोरडा पडतो. ती कळ अर्धी सोडायची, पाव सोडायची, हें देबुसीनें कागदावर जवळजवळ कोठेंच लिहिलें नाहीं. तें कानावर सोपविलें आहे.

त्याच्या स्वतःच्या घरीं ब्ल्यूथनर बनावटीचा पियानो होता. या कारखान्याच्या मोठ्या वाद्यांत वरच्या सप्तकांना एक अधिक तार असते. तिच्यावर हातोडी पडत नाहीं, शेजारच्या तारा वाजल्या कीं ती आपोआप झंकारते. सतारीच्या तरफा ज्यानें ऐकल्या आहेत त्याला याहून अधिक सांगावें लागत नाहीं.

पुष्कळ वादक नांव वाचून या कृतींत ‘पूर्वेकडचें’ कांहीं घालूं पाहतात. लय उगाच ओढतात, अधूनमधून मादक हेलकावे देतात. हें चुकीचें आहे. कृतींत एकहि हिंदुस्थानी राग नाहीं. शिवाय देबुसीनें या रचनांचीं नांवें माथ्यावर छापलींच नाहींत. शेवटच्या ओळीखालीं, कंसांत, तीन टिंबें देऊन छापलीं. आधीं ऐका, मग वाटल्यास नांव पाहा, असा तो संकेत. जर्मन वादक वाल्टर गीझेकिंग याच्या ध्वनिमुद्रणांत या संकेताची जाण दिसते: लय स्थिर, स्वरांचे थर वेगवेगळ्या अंतरावर, आणि भावनेचें प्रदर्शन नाहीं. माळवदावर बसलेल्या माणसाला जवळचें आणि दूरचें जसें एकदम ऐकूं येतें, तसें तें आहे.

याच सुमारास खराखुरा हिंदुस्थानी गवई पॅरिसांत पोहोंचला. बडोद्याच्या गायनशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे नातू इनायतखां, वीणेचे वादक. हैदराबादच्या निजामाकडून पूर्वीं त्यांचा गौरव झालेला. १९१० सालीं ते भावांसह अमेरिकेस निघाले, आणि पॅरिसांत देबुसीशीं त्यांची गांठ पडल्याचें त्यांच्या परिवाराच्या आठवणींत येतें.  पुढें युद्ध आलें, दुखणें आलें, आणि २५ मार्च १९१८ रोजीं, शहरावर जर्मन तोफांचे गोळे पडत असतां, देबुसी वारला.