विलायतेतली घासफूस

माझी एक भाची शिकायला लंडनला निघाली तेव्हा म्हणाली, "मावशी, तिकडे इंडियन हॉटेलं गल्लोगल्ली आहेत म्हणे. मग जेवणाची कसली काळजी?" घरात अंडंसुद्धा न शिजणारी ही मुलगी! फोनवर तिला चार शब्द सांगितले, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून इथे जरा पाल्हाळ लावते. इतिहास शिकवल्याची खोड, दुसरं काय!

गंमत अशी मंडळी, की लंडनमध्ये हिंदी माणसाचं हॉटेल आणि शाकाहारी जेवण या दोन गोष्टी फार काळ एकमेकींना ओळखतच नव्हत्या.

हॉटेल आधी आलं. पाटण्याकडचा, कंपनीच्या फौजेतून पुढे आलेला शेख दीन महंमद याने १८१० साली पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं. गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानात पैसा करून परतलेले साहेब, आणि सरबराई म्हणजे करी आणि हुक्का. १८१२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पुढे १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर 'वीरास्वामी' निघालं, तेही साहेबांच्या आठवणीतला हिंदुस्थान ताटात वाढणारं. (मालक एडवर्ड पामर. याचा पूर्वज जनरल विल्यम पामर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात रेसिडेंट होता. जग लहान आहे.) मग दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटच्या खलाशांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी गावोगावी करी हाउसं काढली. तिथे भाजी मिळे, पण कोंबडीच्या शेजारी आणि बहुधा त्याच पळीने. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. रात्री पबमधून निघालेल्या इंग्रजाला काय हवं ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मात्र पाटीवर 'इंडियन' आहे म्हणून आपल्या पानाची सोय होईल हा भरवसा तेव्हाही नव्हता.

शाकाहाराची सोय केली ती इंग्रजांनीच. त्यांची व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ सालची, आणि शतक संपता संपता लंडनमध्ये बऱ्याच शाकाहारी खाणावळी निघाल्या होत्या. या मंडळींना आजूबाजूचे लोक विक्षिप्त समजत. पण १८८८ साली आईला मांस न खाण्याचं वचन देऊन गेलेल्या मोहनदास गांधी नावाच्या मुलाला हेच विक्षिप्त लोक उपयोगी पडले.

आत्मकथेतला तो भाग मी कितीदा वाचला असेल! सकाळी ओटची लापशी, तेवढ्यानेच काय ते पोट भरायचं. दुपारी-रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज. एका मित्राने नाटकाआधी त्याला हॉबर्न रेस्टॉरंट या भपकेबाज हॉटेलात जेवायला नेलं. सूपमध्ये मांस आहे का, हे विचारायला गांधींनी वाढप्याला बोलावलं. मित्र संतापला. सभ्य लोकांत कसं वागावं कळत नसेल तर बाहेर जा, म्हणाला. गांधी उठले. जवळची शाकाहारी खाणावळ बंद होती, तेव्हा ते तसेच उपाशीपोटी नाटकाला गेले. अठरा-एकोणीस वर्षांचा, परक्या देशातला मुलगा. मला तर या प्रसंगात त्या वचनापेक्षा त्याची भूकच आधी दिसते.

रोज दहा-बारा मैल पायपीट करता करता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खाणावळ सापडली. दाराशी काचेमागे हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक होतं. ते एका शिलिंगाला घेतलं आणि मग विलायतेत पाऊल ठेवल्यापासूनचं पहिलं पोटभर जेवण झालं. १८९१ मध्ये परत निघताना त्यांनी शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली, ती मुद्दाम हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये, व्यवस्थापकाशी बोलून सगळे पदार्थ शाकाहारी करवून घेऊन! सूड म्हणावा तर असा.

आता जवळजवळ ऐंशी वर्षांची उडी. १९७० च्या सुमारास युस्टन स्टेशनाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर 'दिवाना भेळपुरी हाऊस' निघालं. चौपाटीची भेळ, दोसा, आणि आत मांसमच्छीचं नावही नाही. पुढे त्या गल्लीत अशीच आणखी शाकाहारी हॉटेलं झाली.

पण खरा पालट झाला तो एका आपत्तीमुळे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले, त्यांत गुजराती पुष्कळ. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती, की कृपा करून आमच्या गावी येऊ नका. लोक आले ते आलेच. हात रिकामे, पण ढोकळा, खांडवी, फरसाण करायला भांडवल कितीसं लागतं? त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आणि लंडनच्या वेंब्लीत त्यांनी दुकानं, मिठाईघरं, खाणावळी उभ्या केल्या. तिथे कुठली पळी कुठल्या भांड्यात गेली, हे विचारावं लागत नाही. मुदपाकखानाच निखळ शाकाहारी. मला वाटतं, परदेशातल्या शाकाहारी माणसावर या दोनदा उखडलेल्या लोकांचे उपकार सगळ्यांत जास्त आहेत.

आपण मराठी लोक या धंद्यात उशिरा उतरलो, नेहमीप्रमाणे. २०१० साली मुंबईच्या कॉलेजात एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी हाउन्सलोला वडापाव विकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे आपली लसूण चटणी तिकडच्या दुकानात पोचली.

वेंब्लीतल्या हॉटेलांत 'मोगो' नावाचा पदार्थ हमखास असतो. मोगो म्हणजे कसावाचा कंद, बटाट्यासारखा तळून वर तिखटमीठ किंवा चिंचेची चटणी. नाव स्वाहिली, चटणी काठेवाडी. मेनूकार्डावर तो दिसला, तर मालकाचे वडील-आजोबा नैरोबी नाहीतर कंपालामार्गे आलेले असण्याचा पुष्कळ संभव. तिथे निर्धास्त आत शिरावं, आणि मोगो गरम असतानाच खावा. गार झाला की चामट होतो.