लोणावळ्याचें पाणी आणि उष्णतेचा हिशेब

हात चोळले कीं ते तापतात, हा अनुभव जुना आहे. परंतु खर्च झालेलें कार्य आणि उपजलेली उष्णता यांचें प्रमाण ठरीव असतें, हें इंग्लंडांत जेम्स जूल यांनीं 1840 नंतरच्या दशकांत प्रयोगानें दाखविलें. पाणी सुमारें 778 फूट कोसळून थांबलें व त्याची उष्णता अन्यत्र गेली नाहीं, तर तें एक अंश फॅरनहाइट तापतें.

या हिशेबाचें मर्म लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर कळतें. वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांचें पाणी पोलादी नळांतून सुमारें 1,700 फूट खालीं खोपोलीस उतरतें. तें मोकळें कोसळतें, तर अवघें दोन-सव्वादोन अंश तापतें. आणि ती ऊब खडकांत व हवेंत पांगून निरुपयोगी ठरती. टाटांच्या जलविद्युत् योजनेनें 1915 सालीं त्या वाटेंत पाणचक्रें उभीं केलीं. तेव्हां जी शक्ति उष्णतेंत मुरावयाची, तीच वीज होऊन मुंबईच्या गिरण्या चालवूं लागली. बाष्पयंत्रांत कोळशाच्या उष्णतेचा बहुतेक भाग वायां जाई. तो व्यय येथें टळला.

चात्यांच्या व मागांच्या घर्षणांत ही शक्तिही अखेर उष्णताच झाली. मात्र तत्पूर्वीं तिनें कापड विणलें.