मुलीची आई फोटोत नसते

१९८० च्या आधीचा, आमच्या भागातला कुठलाही लग्नाचा अल्बम उघडा. काळ्या जाड कागदाची पानं, मध्ये बटर पेपर, चार कोपऱ्यांना चिकटवलेले कॉर्नर. नवऱ्या मुलाचे मामा दिसतील, भटजी दिसतील, करवल्या दिसतील, वरमाय तर चार फोटोंत दिसेल. दर फोटोत घुसलेला शेजारचा एखादा पोरगाही सापडेल. मुलीची आई मात्र शोधावी लागते. कन्यादानाच्या फोटोत ती असते खरी, पण तीसुद्धा पाण्याची धार धरलेला हात आणि डोक्यावरून ओढलेला पदर एवढीच. मान खाली, तोंड दिसत नाही. ती विधवा असेल तर तेवढंही नाही, कारण मग कन्यादानाला काका-काकू बसायचे.

माझ्या सासऱ्यांचा सांगलीत स्टुडिओ होता. लग्न होऊन आले ती रिटचिंगच्या टेबलाशीच बसले, म्हणून हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे. मामंजी बाहेरची कामं करायचे आणि मी आत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची. टेबलाला तिरकी काच, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि निगेटिव्हवर जिथे वण असेल तिथे हलके हलके भरायचं. लग्नाच्या रोलवर हे काम होत नसे, कारण त्यावरचे चेहरे हरभऱ्याएवढे. ते चाले ‘दाखवायच्या’ फोटोंवर, म्हणजे मुलीचं स्थळ पाठवताना जोडायच्या फोटोंवर. या फोटोंत सगळ्यात जास्त काम असे देवीच्या वणांचं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्यानंतर जन्मलेल्या मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या, तेव्हा हे काम आपोआप संपलं. आजच्या पोरांना मोबाईलमध्ये चेहरा गुळगुळीत करता येतो, पण आम्ही कशासाठी घासत होतो हे सांगूनही पटत नाही.

लग्नाचा फोटो म्हणजे लग्नात काढलेला फोटो, हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक या धंद्यात उतरले. पण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हना भरपूर उजेड आणि न हलणारं माणूस लागायचं. मांडवात यातलं काहीच नसतं. म्हणून लग्न आटोपल्यावर नवराबायको स्टुडिओत जात. मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिवईवर फुलदाणी किंवा पुस्तक, तो खुर्चीत आणि ती उभी. असा जोडफोटो निघेपर्यंत मुलगी सासरी गेलेली असे. तिथे तिची आई येणार कुठून?

बायका पुरुष फोटोग्राफरसमोर बसत नाहीत, ही अडचण मोठ्या घरांत पहिल्यांदा जाणवली. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला, तो चालवायला एक इंग्रज बाई ठेवली. आमच्याकडे असल्या सोयी कुठून असणार? आमच्याकडे वाड्याच्या चौकात ऊन आलं की खुर्च्या मांडायच्या आणि ग्रुप घ्यायचा. खुर्चीवर कोण आणि मागे उभं कोण, यावरून भाऊबंदकीची जुनी भांडणं वर यायची. मामंजींचा नियम साधा होता. खुर्च्यांचं ते कधी बोलायचे नाहीत, फक्त ‘उंच माणसं मागे’ म्हणायचे. घरातला थोरला बुटका असला तर सगळं सुरळीत.

मांडवात कॅमेरा खऱ्या अर्थानं शिरला तो फ्लॅशमुळे. मॅग्नेशियमची पूड कापडी मांडवात पेटवू कोण देणार? बल्ब आले तसं काम सोपं झालं. पण एका फोटोला एक बल्ब, आणि उडालेला बल्ब हाताला चटका देणारा. तो गार झाला की गोळा करायला पोरांची झुंबड. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, त्याची बॅटरी खांद्याला लटकवून फिरायचं. गोरज मुहूर्तांची बुकिंगं आम्ही त्यानंतरच निर्धास्तपणे घेऊ लागलो.

आता रोलचा हिशोब सांगते, कारण मुलीची आई तिथे हरवली. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो येतात. बाहेरून येणाऱ्या फिल्मवर सरकारी बंधनं, बाजारात पूर्व जर्मनीचा ऑर्वो, नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’, आणि तोही सीझनला मिळेलच असं नाही. साध्या लग्नाला एक रोल, बऱ्यापैकी घरचं असलं तर दोन. बारांत सीमांतपूजन, अंतरपाट, हार, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, दोन्हीकडचे ग्रुप, जोडफोटो, झाल. उरलेला एक मामंजी राखून ठेवत. कुणी आमदार, साखर कारखान्याचा चेअरमन ऐनवेळी आला तर त्याच्यासाठी.

अंतरपाट खाली यायचा तो क्षण एकदाच. त्याच क्षणी मागून अक्षता येतात. लेन्सजवळून गेलेला तांदूळ फ्लॅशमध्ये पांढऱ्या गोळ्यासारखा उजळतो आणि नेमका नवरीच्या नाकावर बसतो. मामंजी म्हणून खाली गुडघ्यावर बसून घेत. पण त्या क्षणी मुलीची आई मांडवातच नसते. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत मंगलाष्टकं चालू असताना ती परसात तुळशीला पाणी घालत बसते. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नाही, अशी रीत. म्हणजे बारांतला सगळ्यात महत्त्वाचा फोटो तिच्याशिवायच निघायचा, आणि तिच्यासाठी तेरावा नव्हता.

सप्तपदीच्या फोटोवर मामंजींचा फार कटाक्ष होता, आणि तो धार्मिक नव्हता. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सुप्रीम कोर्टानं असं धरलं, की दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी असे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध होत नसेल तर द्विभार्येचा गुन्हा शाबीत होत नाही. गिऱ्हाइकांपैकी एका वकिलानं हे मामंजींना समजावलं होतं. तेव्हापासून पावलं नीट दिसतील असा तो फोटो ते घ्यायचेच. आमच्या धंद्यात ‘आठवण’ हा शब्द फार वापरतात. त्या काळी तो कागदोपत्री पुरावाही होता, ते कुणाला आठवत नाही.

मी कॅमेरा हातात घेतला तो एका घरच्या सोवळेपणामुळे. नवरी नटते त्या खोलीत पुरुष नको, म्हणून मामंजींनी याशिका माझ्या गळ्यात अडकवला. त्या घरी मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मी मांडवात न जाता मागच्या दारी गेले. तुळशीपाशी बाई बसली होती, तांब्या हातात, कान मांडवाकडे. मला बघून म्हणाली, ‘‘अगं माझा कशाला काढतेस, रीळ वाया जाईल.’’ रोल कितीला येतो हे तिला ठाऊक नसणार. तरी स्वतःवर खर्च होऊ नये, हे मात्र पक्कं ठाऊक. मी काढला. मामंजींनी प्रिंट पाहिली, बोलले काही नाहीत, पण पुढच्या लग्नापासून चेअरमनसाठी राखलेला फोटो मला वापरायला मिळू लागला.

पुढचं भराभर झालं. ३५ मिमीचे कॅमेरे आले, एका रोलवर छत्तीस फोटो. रंगीत रोल सुरुवातीला धुवायला बाहेरगावी पाठवायचो, मग गावातच लॅब झाल्या. रंग आल्यावर बायका आपणहून कॅमेऱ्यासमोर येऊ लागल्या, कारण साडीचा रंग आता दिसणार होता. खरा फरक व्हिडिओनं केला. फोटोवाला निवडून काढतो, व्हिडिओवाला चालूच ठेवतो. हॅलोजनच्या प्रखर उजेडात कॅसेटमध्ये मुलीची आई ताट घेऊन इकडून तिकडे जाते, कुणावर तरी ओरडते, पदर खोचते. कुणी मुद्दाम तिला टिपलं नव्हतं. तरी जुन्या कॅसेट डीव्हीडीवर करून घ्यायला येणाऱ्या मुली नेमक्या तिथेच थांबवून बघतात.

२००५ ला आणि पुन्हा २०१९ ला कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. प्रिंट भिजली की जिलेटिन मऊ होतं आणि सुकताना समोरच्या पानाला चिकटतं. म्हणून ओला अल्बम उन्हात ठेवू नये. फोटो गार, स्वच्छ पाण्यात ठेवून सावकाश सुटे करावेत. हे मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी राहून किती जणांना सांगितलं असेल! येणाऱ्यांत बायका जास्त. एकच मागणी: ग्रुपमधली आई मोठी करून द्या. बघावं तर आई तिसऱ्या ओळीत, कुणाच्या तरी फेट्यामागे, अर्धीच. अर्ध्या चेहऱ्याचा पूर्ण चेहरा करून द्यायचं काम मी घेत नाही. आता यंत्र तो करून देतं म्हणतात. देवीचे वण मी पुसले, पण त्यांच्याखाली चेहरा त्या मुलीचाच होता.

हल्ली स्टुडिओ नातू बघतो. एका लग्नात हजारांनी फोटो निघतात आणि अल्बमसाठी निवड करून द्यायला घरच्यांना वर्षवर्ष लागतं. तुळशीची रीत काही घरांनी सोडली. काही ठिकाणी ती फोटोसाठी नव्यानं सुरू झाली आहे, अक्षता पडून गेल्यावर, हॉलच्या लॉनवर भाड्याची कुंडी ठेवून. मला त्याचं हसू येतं, पण नातवाला मी अडवत नाही. मुलीच्या आईसाठी तो एक माणूस वेगळा नेमतो, सकाळी हळदीपासून रात्रीपर्यंत. त्याचे पैसे मुलीकडचे देतात. मुलाकडच्यांनी त्यांच्या बाजूनं असा माणूस अजून मागितलेला नाही. त्यांना गरजच पडत नाही, वरमाय पहिल्यापासून सगळ्या फोटोंत आहेच.